रात्रीचे निर्णय दिवसा

"रात्री गच्चीवर काय काय दिसतं हो तुम्हांला?" असं कुणी विचारलं की खरं उत्तर द्यायला मला जरा संकोच वाटतो. कारण खरं उत्तर असं, की त्या वेळी मी झोपलेला असतो. कात्रजला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची एक पेटी आहे. अंधार पडला की तिचं छप्पर आपोआप सरकतं, आतला कॅमेरा आकाश न्याहाळू लागतो आणि पहाटे छप्पर पुन्हा मिटतं. मी सकाळी चहा घेता घेता संगणकावरच्या नोंदी वाचतो. लोकांना हे ऐकून थोडी निराशा होते. दुर्बीणवाल्या माणसाने शाल पांघरून, डोळा लावून बसलेलं असावं अशी त्यांची अपेक्षा असते. तसं बसायची हौस मीही पुष्कळ केली आहे. पण ज्या गोष्टीच्या मागे मी लागलो, तिला माणसाचा डोळा पुरा पडत नाही आणि माणसाचा वेगही.

ती गोष्ट म्हणजे गॅमा किरणांचे स्फोट. १९६७ मध्ये अमेरिकेच्या वेला उपग्रहांना ते प्रथम जाणवले. हे उपग्रह सोडले होते अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला. त्यांना अवकाशातूनच येणारे झोत सापडले. हा शोध जाहीर झाला १९७३ मध्ये. आज आपल्याला माहीत आहे की एखाद्या प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होतात, तेव्हा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणारे दोन झोत बाहेर पडतात. त्यांतला एक आपल्या दिशेने असेल तर काही सेकंद, फार तर काही मिनिटं, गॅमा किरणांचा मारा होतो. आपलं वातावरण तो अडवतं, म्हणून त्यासाठी उपग्रह लागतो. पण त्याच स्फोटातून साधा, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही निघतो आणि तो जमिनीपर्यंत येतो. अडचण एवढीच, की तो आकाशात कुठे उमटेल आणि केव्हा, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. आणि सगळ्यात तेजस्वी असतो तो बहुधा पहिल्या काही मिनिटांतच.

माझा धंदा खगोलशास्त्राचा नाही. भोसरीच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी केली. प्रेशर, तापमान, व्हॉल्व्ह आणि मुख्य म्हणजे इंटरलॉक. तारे पाहण्याचा नाद कॉलेजपासूनचा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुका या खगोलशास्त्र केंद्राचं आवार आहे, व्याख्यानं होतात. त्यामुळे हा नाद जोपासायला इथे कधी अडचण आली नाही. अशाच एका व्याख्यानात मी २३ जानेवारी १९९९ची हकीकत ऐकली आणि माझी पुढची वर्षं त्या हकीकतीने ठरवली.

न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस इथे रॉट्से नावाचं एक यंत्र होतं. अवकाशातल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी या उपकरणाने स्फोट टिपला, त्याची ढोबळ जागा इंटरनेटवरून जमिनीवर आली आणि स्फोट सुरू झाल्यापासून २२ सेकंदांत रॉट्सेने तिकडे वळून पहिलं चित्र घेतलंही. तेव्हा तो ठिपका अकराव्या-बाराव्या प्रतीचा होता (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका ठिपका तेजस्वी). आणखी पंचवीस सेकंदांनी तो जवळजवळ नवव्या प्रतीचा झाला, म्हणजे साध्या द्विनेत्रीतून दिसावा इतका तेजस्वी. दहा मिनिटांत तो चौदाव्या प्रतीपलीकडे मावळला. पुढे हवाईच्या केक दुर्बिणीने वर्णपट घेतला तेव्हा कळलं, की हा प्रकाश नऊ अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आला होता. हे मांडणाऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक श्रीनिवास कुलकर्णी. जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा.

सभागृहात बाकीचे लोक त्या नऊ अब्ज वर्षांवर थक्क झाले होते. मी अडकलो दुसऱ्याच तपशिलावर. रॉट्सेमध्ये मोठा आरसा नव्हता. चार कॅनन कॅमेऱ्यांच्या लेन्स होत्या, २०० मिलिमीटरच्या, लग्नाचे किंवा क्रिकेटचे फोटो काढणारे वापरतात तशा. चौघी मिळून सोळा अंश बाय सोळा अंशांचं आकाश एका वेळी बघायच्या. बॅट्सीने सांगितलेली जागा काही अंशांनी चुकू शकायची. मोठी दुर्बीण आकाशाचा फार छोटा तुकडा पाहते, त्यामुळे इतकी ढोबळ जागा तिच्या कामाची नसते. इथे रुंद नजर आणि चपळ मान असलेलं छोटं यंत्र सरस ठरलं होतं. मोठ्या आरशाच्या बाबतीत मी कधीच कुठे पोचणार नव्हतो. पण लेन्स मी विकत घेऊ शकत होतो आणि आपोआप चालणारी यंत्रं उभी करणं तर माझं रोजचंच काम होतं.

जुनी १३५ मिलिमीटरची लेन्स, एक वापरलेला कॅमेरा, तो वळवणारा एक मध्यम माउंट. एवढ्या साहित्यात पंधरा अंश बाय दहा अंशांचा पट्टा मिळतो. पेटी कात्रज–कोंढवा रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेटरने बनवून दिली. सरकत्या छपराला त्याने बंगल्याच्या गेटची मोटर बसवली आणि "साहेब, हे कबुतरांसाठी आहे का?" असं विचारलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला तेव्हा एका काकूंचा प्रश्न वेगळा होता: कॅमेरा समोरच्या इमारतीत बघणार नाही याची खात्री काय? मी सगळ्यांना वर नेऊन दाखवलं, की पेटीच्या भिंती उंच आहेत आणि कॅमेऱ्याला क्षितिजाजवळचं काहीच दिसत नाही. त्यावर एक अट पडली. एप्रिल-मे महिन्यांत दिवसा गच्ची पापड-कुरडयांसाठी मोकळी हवी. ही अट मी आजतागायत पाळतो. माझं यंत्र रात्रीचं, वाळवण दिवसाचं. भांडण व्हायचं कारणच उरलं नाही.

यंत्र उभं करणं मला जमणार होतंच. पण चालवायला लागल्यावर एक गोष्ट कळत गेली, जी कारखान्यात वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असूनही मी नीट पाहिली नव्हती. आपण म्हणतो, यंत्र स्वयंचलित केलं म्हणजे माणसाचं काम संपलं. तसं होत नाही. काम रात्रीवरून दिवसावर येतं. रात्री उभा असलेला निरीक्षक ढग पाहून ठरवतो, वारा अंगाला लागला की ठरवतो, चंद्र वर आला की ठरवतो. यंत्राला यातलं काही उमजत नाही. त्याच्या वतीने प्रत्येक गोष्ट आधी, भर उजेडात, शांत डोक्याने ठरवून लिहून ठेवावी लागते. परगावी जाताना आपण घराची किल्ली शेजाऱ्यांना देतो आणि सोबत एक यादी देतो: दूध किती घ्यायचं, पाणी कधी चढवायचं, कोण आलं तर दार उघडायचं नाही. स्वयंचलित दुर्बीण म्हणजे मुख्यतः ती यादी. लेन्स आणि मोटर त्यानंतर.

माझ्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एखादी रात्र आहे.

पावसाची ओळ वळवाच्या पावसाने लिहायला लावली. कात्रजला घाटाच्या बाजूने ढग येतो तेव्हा तो दहा मिनिटांत येतो. सुरुवातीला मी पावसाचा सेन्सर लावला होता. पहिला थेंब पडला की छप्पर मिटायचं. एका मे महिन्याच्या संध्याकाळी वाऱ्याने आधी वीज गेली आणि थेंब नंतर पडले. सेन्सर चालू, संगणक इन्व्हर्टरवर चालू, फक्त गेटची मोटर थेट घरच्या विजेवर होती. आमचा धाकटा गच्चीवर धावला आणि त्याने हाताने छप्पर ओढलं. तेव्हापासून नियम उलटा केला: मुख्य वीज गेली की कारण काहीही असो, छप्पर आधी बॅटरीवर मिटायचं, मग विचार. कारखान्यात आम्ही हेच करायचो. हवेचा दाब गेला की व्हॉल्व्हने आपणहून सुरक्षित बाजूला जावं, त्यासाठी कुणी बटण दाबायची वाट पाहू नये.

प्रकाशाच्या ओळी मात्र कारखान्यातून आल्या नाहीत. त्या कात्रजनेच शिकवल्या. उत्तरेला पुण्याचा लखलखाट, पश्चिमेला महामार्ग, आणि लग्नसराईत आजूबाजूच्या लॉन्सवरून आकाशात फिरणारे शार्पी दिव्यांचे झोत. झोत चित्रात आला की पट्ट्याचा पट्टा पांढरा होतो आणि संगणकाला वाटतं ढग आले. मुहूर्ताच्या रात्री यंत्र सारखं उघड-मीट करू लागलं तेव्हा आम्ही पंचांग घेऊन बसलो. चेष्टा नाही; विवाहमुहूर्तांच्या तारखा खरोखरच मी नियमांत घातल्या, त्या रात्री ढगाची व्याख्या सैल केली. गणपतीत लेझर येऊ लागले तेव्हा अनंत चतुर्दशीही यादीत आली, पण तेव्हा पाऊस असतो आणि पेटी ताडपत्रीखाली. दक्षिणेची बाजू त्यातल्या त्यात काळोखी. शनिवारी रात्री कात्रज ते सिंहगड चालत जाणाऱ्या पोरांच्या बॅटऱ्या टेकडीच्या धारेवर ओळीने चाललेल्या असतात, त्याही कधी कधी ढगांवर नजर ठेवायला लावलेल्या दुसऱ्या, सर्व-आकाश कॅमेऱ्याच्या काठावर उमटतात. त्यांना मात्र मी यंत्राला कधी ढग समजू दिलं नाही.

मग येते खरी ओळ: कुणाच्या हाकेला उठायचं? आज स्फोट शोधणारे उपग्रह अनेक आहेत आणि त्यांच्या सूचना संगणकाला थेट मिळतात. अमेरिकेच्या गॉडार्ड केंद्रातून चालणारं जीसीएन हे जाळं कुणालाही खुलं आहे. मला त्यासाठी कुठलंही पद किंवा पत्र लागलं नाही. २० नोव्हेंबर २००४ला सोडलेला स्विफ्ट उपग्रह एका वेळी आकाशाचा सहावा हिस्सा पाहतो, वर्षाला नव्वद-शंभर स्फोट टिपतो आणि पंधरा-वीस सेकंदांत जागा कळवतो, तीही काही कलांइतकी अचूक. फर्मी उपग्रहाला त्याहून दुप्पट-अडीचपट स्फोट सापडतात, पण त्याची जागा कित्येक अंशांनी ढोबळ असते. गंमत अशी, की फर्मीची ढोबळ जागा मोठ्या दुर्बिणींना डोकेदुखी आणि माझ्या रुंद लेन्सला मात्र मानवणारी. म्हणून मी दोघांच्याही हाकेला उठतो.

कागदावर मोठे वाटणारे हे आकडे कात्रजपर्यंत येईतो बारीक होतात. अर्धे स्फोट आपल्या क्षितिजाखाली. उरलेल्यांतले बरेच दिवसा. जून ते सप्टेंबर पेटी ताडपत्रीखाली. पौर्णिमेच्या आसपास आकाश पांढरं. हिशेब केला तर स्विफ्टचे वर्षाला दहाएक स्फोट माझ्या वाट्याला येतात. आणि त्यांतल्या बहुतेकांचा प्रकाश सुरुवातीपासूनच माझ्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर. शहराच्या उजेडात मी फार तर बाराव्या प्रतीपर्यंत पोचतो. नवव्या प्रतीपर्यंत किंवा त्याहून वर चढलेले स्फोट गेल्या पंचवीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. हे गणित मी पेटी बनवण्याआधीच केलं होतं. तरी बनवली. घरच्यांना हे गणित मात्र बरंच उशिरा सांगितलं.

पहिली काही वर्षं कॅमेऱ्याला नवे तारे मात्र ढिगाने सापडले. दोन चित्रं एकमेकांतून वजा करायची, उरेल तो नवा ठिपका. उरलेले ठिपके जवळजवळ सगळे उपग्रह. फिरणाऱ्या उपग्रहाचं एखादं सौर पॅनेल क्षणभर सूर्याकडे वळतं आणि एक टोकदार चमक देऊन जातं. एकाच चित्रात ताऱ्यासारखा गोल ठिपका, मागे-पुढे काही नाही. सुरुवातीला अशा प्रत्येक ठिपक्याने माझं काळीज धडधडवलं. पुढे मी शिकलो, की एकटा ठिपका काहीही सिद्ध करत नाही. दोन लागोपाठच्या चित्रांत एकाच जागी असेल तरच त्याच्याकडे बघायचं. यात मोठमोठेही अडखळले आहेत. विश्वातल्या अतिदूरच्या जीएन-झेड११ या दीर्घिकेत चमक दिसली आणि ती गॅमा स्फोटाची असावी, असा दावा २०२०च्या अखेरीस झाला. नंतर इतरांनी दाखवलं, की ती आपल्याच पृथ्वीभोवती फिरणाऱ्या रशियन रॉकेटच्या एका वापरून झालेल्या टप्प्याची लकाकी असणं अधिक संभवनीय आहे. यादीत मी ओळ घातली: दुसरा साक्षीदार असल्याशिवाय मला उठवू नये. त्या ओळीने माझी झोप वाचवली आणि रक्तदाबही.

खरा धडा मात्र मिळाला एका रात्रीच्या 'काही नाही'ने. हिवाळा होता, आकाश धुतल्यासारखं. स्विफ्टची सूचना आली, माउंट वळला आणि मिनिटभराच्या आत कॅमेरा त्या जागेवर होता. चित्रांमागून चित्रं. सकाळी तपासलं: त्या चौकटीत नवं काहीही नाही. मी फाइल बाजूला टाकणार होतो. ओळखीच्या एका संशोधकांना सहज सांगितलं तर ते म्हणाले, "नाही दिसलं, हे बरोबर. पण किती वाजता नाही दिसलं, किती वेळ, आणि कितव्या प्रतीपर्यंत नाही दिसलं?" हे तीन आकडे असतील तर नकारालाही किंमत असते. पहिल्या दोन मिनिटांत स्फोट अकराव्या प्रतीहून तेजस्वी नव्हता एवढं जरी पक्कं सांगता आलं, तरी झोत आजूबाजूच्या वायूवर आदळून उलट दिशेने किती जोरात धक्का बसला असेल, याच्या काही शक्यता बाद होतात. १९९९ची ती चमक अशा उलट्या धक्क्याची समजली जाते. आणि ती दर वेळी दिसत नाही हेसुद्धा अशा नकारांमधूनच कळत गेलं. तेव्हापासून माझ्या नोंदवहीत 'काही नाही' असा शब्द नसतो. वेळ, कालावधी, मर्यादा. बस्स. मला वाटतं माणसांच्या बाबतीतही मी थोडा सुधारलो. "जमलं नाही" असं कुणी म्हटलं की आता मी विचारतो, कुठपर्यंत जमलं?

मधल्या काळात एक खंत मनात घर करून होती. जे मोठे स्फोट दिसले ते सगळे आपल्या दिवसा झाले होते. १९९९चा: भारतात दुपारचे सव्वातीन. १९ मार्च २००८चा तर भूतप तारकासमूहात साध्या डोळ्यांनी दिसेल इतका, पाचव्या-सहाव्या प्रतीचा झाला होता, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. प्रकाश साडेसात अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेला. भारतात सकाळचे ११.४२, मी भोसरीत पॅनेल उघडून बसलेलो. २७ एप्रिल २०१३चा, सातव्या प्रतीचा: दुपारचे सव्वा. मी घरी म्हणायचो, आपल्या नशिबात दिवस आहे.

एकदा हेच रडगाणं मी पुण्यातल्या एका तरुण संशोधक मुलीला ऐकवलं. ती हसून म्हणाली, "काका, उलटं बघा ना. ते आपल्या दिवसा झाले म्हणून नाही. टिपणारे कॅमेरे अमेरिका खंडात होते म्हणून तेच टिपले गेले." खरंच होतं. रॉट्से आणि २०१३ची चमक टिपणारं रॅप्टर न्यू मेक्सिकोत. २००८ची चमक टिपणारे पोलंडच्या मंडळींचं पाय ऑफ द स्काय आणि टॉर्टोरा चिलीत. शिवाय २००८ला त्याच भागात अर्ध्या तासापूर्वी एक दुसरा स्फोट झाला होता, त्यासाठी कॅमेरे आधीच तिकडे वळलेले होते. म्हणून तर स्फोटाच्या आधीपासूनची चित्रं मिळाली. आपल्या रात्री असे किती स्फोट चमकून गेले असतील, त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. नशिबाचा प्रश्न नव्हता, रेखांशाचा होता.

ती दरी आता थोडी भरते आहे. लडाखमध्ये हानले इथे, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण २०१८ पासून काम करते आहे. आरसा ०.७ मीटरचा, पूर्ण स्वयंचलित. जगभरच्या दुर्बिणींनी एकमेकांच्या हातात रात्र सोपवत जायचं, ही त्यामागची कल्पना. युरोपातली रात्र सुरू होण्याआधी आणि पूर्वेकडची संपत आल्यावर मधला पहारा हानलेचा. अवकाशात आपला अॅस्ट्रोसॅट २०१५ पासून आहे. त्याचं सीझेडटीआय उपकरण सुरू झालं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, त्याने पहिला स्फोट टिपला आणि पुढे ही संख्या सहाशेच्या वर गेली. त्या उपकरणाच्या माहितीवर आयुकात, म्हणजे माझ्या घरापासून बसने तासाभराच्या अंतरावर काम चालतं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या याच स्फोटांचा रेडिओ प्रकाश कित्येक दिवस, महिने पाहत राहतात. हे सगळं डोळ्यांसमोर आलं तेव्हा माझी पेटी मला पहिल्यांदा खरोखर छोटी वाटली, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

आणि मग ९ ऑक्टोबर २०२२. रविवार, कोजागरी. गच्चीवर सोसायटीचा कार्यक्रम, दूध आटवायला ठेवलेलं, पोरांची पळापळ, पूर्वेला चंद्र. पावणेसातच्या सुमारास, बरोबर सांगायचं तर ६.४७ला, आजवर नोंदल्या गेलेल्या स्फोटांतला सगळ्यात तेजस्वी स्फोट पृथ्वीवर पोचला. दहा हजार वर्षांत एखादाच असा होत असावा, असा पुढे अभ्यासकांनी अंदाज बांधला. शर तारकासमूहातून आलेल्या त्या किरणांना यायला सुमारे १९० कोटी वर्षं लागली होती. आणि ते आले तेव्हा पृथ्वीची जी बाजू त्यांच्या समोर होती तिचा मध्यबिंदू डहाणूच्या पश्चिमेला अरबी समुद्रात होता. पुण्याच्या खस्वस्तिकापासून जेमतेम तीन अंशांवर. आमच्या पातेल्याच्या बरोबर डोक्यावर म्हटलं तरी चालेल. वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर त्याने हलवला. आम्ही मात्र केशर पुरेसं आहे का, यावर बोलत होतो.

पेटी बंद होती. सूर्य क्षितिजाखाली बारा अंश गेल्याशिवाय छप्पर उघडायचं नाही, हा माझा नियम. त्या वेळी तो आठच अंश खाली होता. नियम चुकीचा नव्हता. संधिप्रकाशात लांब एक्स्पोजर घेतलं तर चित्र पांढरं पडतं. शिवाय स्विफ्टच्या कॅमेऱ्यासमोर ती जागा आली तीच ५३ मिनिटांनी, ७.४० वाजता. तेव्हाही तो सुरुवातीला स्फोट म्हणून ओळखला गेला नाही. आपल्याच आकाशगंगेतली काही वस्तू समजून त्याला तसं नाव दिलं गेलं. सूचना येताच माझा कॅमेरा वळला. तोवर प्रकाश सोळाव्या-सतराव्या प्रतीवर उतरला होता, चंद्र भरात होता, ढगांचे तुकडे होते. माझी मर्यादा अकराची. वेळ, कालावधी, मर्यादा अशी नोंद झाली. हानलेच्या दुर्बिणीने त्याचा मावळता प्रकाश टिपला, जीएमआरटीनेही माग ठेवला. पहिल्या मिनिटात तो आकाशात कसा दिसला असता हे सांगणंही अवघड आहे, कारण आकाशगंगेच्या पट्ट्यातली धूळ मध्ये होती आणि तिने बराच प्रकाश खाल्ला.

तरी त्या रात्रीने मला हलवलं. हळहळ वाटली म्हणून नव्हे. आमच्याच इमारतीतला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी तेव्हा नुकताच माझ्याबरोबर काम करू लागला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "बारा अंश कुणी ठरवलं?" मी म्हणालो, मीच. "कधी?" पेटी बांधली तेव्हा. "तेव्हाच्या कॅमेऱ्यासाठी ना? आता सेन्सर वेगळा आहे. दोन सेकंदांची चित्रं घेतली तर आठ अंशांवरही तेजस्वी तारे दिसतील. नववी प्रत पकडायला तेवढं पुरे." मी गप्प झालो. मी यादी लिहिली होती, तिच्यात भर घातली होती, पण एकदा लिहिलेली ओळ का लिहिली हे पुन्हा विचारलं नव्हतं. भर उजेडात, शांत डोक्याने घेतलेला निर्णयही त्या दिवसापुरताच शहाणा असतो. कॅमेरा बदलतो, उपग्रह बदलतात, शहर बदलतं. २०२४ मध्ये आइनस्टाइन प्रोब आणि स्वॉम असे दोन नवे उपग्रह आले. त्यांच्या सूचनांसाठी जुन्या ओळी पुरत नाहीत. कात्रजचं क्षितिज तर दर वर्षी एखाद्या टॉवरने वर सरकतं. उत्तरेचं आकाश मी आता जवळजवळ सोडून दिलं आहे.

या कामात यायला निघालेली मुलं मला विचारतात, कॅमेरा कोणता घेऊ, लेन्स कोणती. मी सांगतो, परवडेल ती घ्या. आधी एक वही करा. आपण झोपलेलो असताना यंत्राने काय करावं ते लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख व कारण लिहा. कारण नसलेली ओळ वर्षभराने तुम्हांलाच कळणार नाही आणि तारीख नसलेली ओळ कुणी बदलायला धजणार नाही. माझ्या जुन्या ओळींपुढे तारखा नाहीत. त्या आता आठवून आठवून घालतो आहे.

गेल्या पावसाळ्यात ताडपत्री घातली तेव्हाच मी त्या मुलाला सांगून टाकलं, की येत्या हंगामापासून यादी तुझी. संधिप्रकाशातली छोटी चित्रं त्याने सुरूही केली. पहिल्याच आठवड्यात त्याने माझे दोन नियम खोडले. एक मला पटला. दुसरा विवाहमुहूर्तांचा, पंचांगाऐवजी तो चित्रातल्या झोताचा आकार ओळखणारा प्रोग्रॅम लिहितो म्हणतो. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे आणि ते आम्ही दिवसाच करतो.